मुंडीला पाना बसतो, पण बोल्ट आत जात नाही : जुन्या गाडीचे नट-बोल्ट तुम्ही कसे मिळवता?

हौसेलामोलनाही

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षं एक जुनी इंग्लिश गाडी उघडून ठेवली आहे. 'दुरुस्तीला काढली' असं म्हणत नाही, कारण दुरुस्तीत परत जोडणंही येतं. पत्र्याचं काम झालं, वायरिंग झालं, सीटा झाल्या. मोठमोठी कामं उरकली आणि आता अडलोय बोटभर बोल्टांवर.

इंजिनाच्या खालचं ऑइल चेंबर, म्हणजे सम्प, त्याचे बोल्ट. आधीच्या कुणीतरी भलताच पाना घालून बऱ्याच मुंड्या गोल करून ठेवल्यात, त्यामुळे तेवढे नवे हवेत. शाबूत मुंड्यांवर १/४ व्हिटवर्थचा पाना चपखल बसतो. तक्ता काढला : १/४ व्हिटवर्थचा पाना म्हणजे ५/१६ बीएसएफचा बोल्ट, दोन्ही जुनी इंग्लिश मापं. व्हर्नियरने जाडी मोजली, ७.९ मिमी. ५/१६ इंच म्हणजे ७.९४. आणखी काय पुरावा हवा? मागवून टाकले.

नवा बोल्ट दोन आटे सुखाने जातो आणि तिसऱ्याला अडतो. सगळ्या भोकांत तेच. जोर लावला नाही, तेवढी अक्कल आता आली आहे.

त्यात आणखी एक गाढवपणा. लांबी अडीच सेंटिमीटर हवी होती, मी घाईत नुसतं 'अडीच' लिहिलं. इंची बोल्ट मागितल्यावर समोरच्याने इंच धरले, त्याचं काय चुकलं? अडीच इंची बोल्ट, चाळीस नग, बाकावर ओळीने उभे आहेत आणि माझ्याकडे बघतायत.

तर तुम्ही असले बोल्ट कुठून मिळवता? बनवून घेता? की सरळ सगळीकडे स्टेनलेस लावून मोकळे होता?

जंगबहाद्दर

स्टेनलेस. मी अख्खी गाडी स्टेनलेसवर नेली. गंज नाही, काळजी नाही, त्या बोल्टाचं पुन्हा तोंड बघायला नको. विषय संपला.

उलटेआटे

विषय संपला कसला, इथेच सुरू होतो.

नेहमी मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि ४५० च्या आसपास कायमचा लांबायला लागतो. साध्या ८.८ पोलादी बोल्टचे हेच आकडे ८०० आणि ६४०. नंबरप्लेट, मडगार्ड, दिव्यांच्या कड्या इथे खुशाल लावा. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट इथे माझ्या गाडीत तरी नाही.

दुसरं, स्टेनलेसवर स्टेनलेस. सायलेन्सरच्या क्लॅम्पला हौसेने स्टेनलेसचा बोल्ट आणि स्टेनलेसचाच नट घातला, कोरडाच, वर एअरगनने फिरवला. अर्ध्यावर जाम. ना पुढे, ना मागे. आटे एकमेकांत असे रुतले की वेल्डिंग केल्यासारखे. शेवटी करवत. तेव्हापासून अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावल्याशिवाय स्टेनलेसच्या नटाला हात लावत नाही.

आणि हौसे, तुमचा सम्प अल्युमिनियमचा असेल तर तेही बघा. ओल आणि मीठ मिळालं की स्टेनलेसशेजारचं अल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट चकाचक राहतो, भोकाची कड पांढरी भुकटी होऊन गळते.

ढिलास्क्रू

चाळीस गुणिले अडीच. शंभर इंच पश्चात्ताप.

हातोडी

एवढा काय विचार करताय? ५/१६ बीएसएफचा टॅप घ्या, भोकांत फिरवा, नवे आटे पाडा. बोल्ट तर आलेलेच आहेत. लांबी कापून कमी करता येते.

पानोपानी

हातोडी, आयडी सार्थ केलात.

उलटेआटे

हातोडी, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. बोल्ट पन्नास वेळा बदलता येतो, इंजिनाचा ब्लॉक एकदाच मिळालेला असतो. जुन्या आट्यांवर, दोन आट्यांमधलं अंतर वेगळं असलेला टॅप फिरवला तर नवे आटे पडत नाहीत. जुन्यांच्या माना कापल्या जातात आणि उरतो तो भुगा. मग हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला, नाहीतर भोक मोठं करा. बारा ठिकाणी.

हातोडी

मी तसं करून गाडी दहा वर्षं चालवली आहे. तेल गळत होतं, पण कुठल्या जुन्या गाडीतून गळत नाही?

पानोपानी

:)

दीडशहाणी

हौसे, तुमचा बोल्ट अडला हे नशीब समजा. न अडता जातो तेव्हा खरी भीती.

माझा अनुभव ब्रेकचा. ब्रेकच्या पाइपांची टोकं इंग्लिश-अमेरिकन गाड्यांत बहुधा ३/८ यूएनएफ असतात, म्हणजे इंचाला २४ आटे. मेट्रिक गाड्यांत एम१० बाय १, म्हणजे १० मिमी जाडी आणि १ मिमी अंतर. आता ३/८ इंच म्हणजे ९.५३ मिमी आणि २४ आटे म्हणजे १.०६ मिमी अंतर. एम१० च्या भोकात ३/८ चा नट घातला की तो जातो. थोडा सैल, पण जातो. मी सिलिंडर बदलला होता, मेट्रिक आट्यांचा आला होता, पाइप मात्र जुनाच. नट बसला, घट्टही झाल्यासारखा वाटला. पहिल्यांदा पेडल दाबलं तेव्हा ठीक. तिसऱ्यांदा पाय जमिनीला टेकला आणि भिंतीवर ब्रेक ऑइलची पिचकारी. गाडी जॅकवर होती म्हणून हे लिहायला बसले आहे.

तेव्हापासून नियम : ब्रेकची प्रत्येक जोडणी आधी बोटांनी. शेवटपर्यंत बोटांनी गेली पाहिजे, आणि अर्ध्यावर असताना हलवून पाहिली तर डुगडुगता कामा नये.

वाचनमात्र

नेहमी नुसतं वाचतो, आज राहवलं नाही. व्हिटवर्थ, बीएसएफ, यूएनएफ हे सगळं कुणी माणसांच्या भाषेत सांगेल का? आणि १/४ चा पाना ५/१६ च्या बोल्टला कसा काय?

आटापिटा

माझं नाव घेतल्याशिवायच मला बोलावलंत. बसा.

आट्यांचं पहिलं सर्वमान्य प्रमाण जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलं. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. त्याचे आटे जाडे, ओतीव लोखंडाला उत्तम, पण गाडीच्या थरथरीत सैल होतात. म्हणून १९०८ मध्ये त्याच कोनाचे बारीक आटे आले, ते बीएसएफ. घड्याळं, मीटर, विजेची जोडणी यांसाठी बीए. त्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश आणि मापं मुळात मेट्रिक : शून्य नंबर म्हणजे ६ मिमी जाडी, १ मिमी अंतर, आणि पुढच्या प्रत्येक नंबरला अंतर आधीच्याच्या नऊ दशांश. अमेरिका ६० अंशांवर होती. दुसऱ्या महायुद्धात एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटाला लागेना, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून १९४९ च्या सुमारास युनिफाइड आटे ठरवले. जाडे ते यूएनसी, बारीक ते यूएनएफ. म्हणजे पन्नाशीच्या दशकातली इंग्लिश गाडी ही बरोबर सांध्यावरची गाडी. एकाच गाडीत दोन-तीन कुळं नांदतात.

आता पाना. आपल्याकडच्या बहुतेक पान्यांवर मुंडीची रुंदी लिहिलेली असते. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या दांडीची जाडी लिहिलेली असते. १/४ व्हिटवर्थ पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. बीएसएफची मुंडी त्याच जाडीच्या व्हिटवर्थपेक्षा एक माप लहान, म्हणून १/४ व्हिटवर्थचा पाना ५/१६ बीएसएफला. १३ चा पाना त्यावर चढत नाही, १४ चा चढतो आणि घसरतो. हौसेंच्या गोल मुंड्यांचा खुनी बहुधा १४ चाच.

आणखी एक सापळा. पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची यूएनसी, दोन्हींना इंचाला २० आटे. ५/१६ ला १८, ३/८ ला १६, तिथेही दोन्ही सारखेच. कोन वेगळा, तरी एकमेकांत जातात. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे मात्र भांडण. म्हणून 'लहानात चाललं, मोठ्यातही चालेल' हे धरून चालू नका.

आता हौसे, दोन गोष्टी. एक, 'जुनी इंग्लिश गाडी' हे काही नाव नव्हे. कुठली, कुठल्या वर्षाची? दोन, पाना आणि जाडी यांवरून बोल्ट ओळखत नाहीत, आट्यांच्या अंतरावरून ओळखतात. पिच गेज (आट्यांचं अंतर ताडून बघायच्या दातेरी पट्ट्या) नसेल तर शाबूत बोल्टवर व्हर्नियर लावून दहा अंतरं मोजा आणि इथे लिहा.

जंगबहाद्दर

वा, आटापिटा! वाचनखूण साठवली. तरीही स्टेनलेस.

ढिलास्क्रू

अवांतर : कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, २० आट्यांचाच असतो. एकदा डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटचा बोल्ट सापडेना, ट्रायपॉडचा लावला. वर्षभर फोटो हातात धरूनच काढले.

दीडशहाणी

अवांतरात माझीही भर. सीटबेल्टचा बोल्ट जवळजवळ सगळ्या गाड्यांत ७/१६ यूएनएफ, २० आट्यांचा. गाडी नखशिखांत मेट्रिक असली तरी. बाकीची सगळी गाडी मिलिमीटरमध्ये आणि हा एकटा इंचात ठाण मांडून.

गंजलेलीबिजागरी

मूळ प्रश्न 'कुठून मिळवता' असा होता ना? त्यावर अजून कुणी बोललंच नाही.

मी पहिल्यांदा त्या गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये जाते. काही कंपन्यांच्या नंबरातच बोल्ट लिहिलेला असतो. लेलँड या इंग्लिश मोटारकंपनीच्या काळचा एसएच६०५०६१ हा नंबर घ्या. एसएच म्हणजे मुंडीपर्यंत आटे असलेला सेटस्क्रू, ६ म्हणजे यूएनएफ, ०५ म्हणजे पाच सोळांश, ०६ म्हणजे सहा अष्टमांश इंच लांबी, शेवटचा आकडा मुलाम्याचा. बीएचने सुरू झाला तर बोल्ट, म्हणजे मुंडीखाली काही भाग कोरा. एकदा ही लिपी कळली की तो नंबर विकणाऱ्याकडे असो-नसो, वस्तू काय आहे ते तुम्हाला माहीत असतं.

मग शोध. गाडीवाल्यांपेक्षा बाकीच्यांकडे जास्त मिळतं. बीएचे बारीक स्क्रू छोटी वाफेची इंजिनं बनवणारे हौशी लोक अजून वापरतात, त्यांना पुरवठा करणाऱ्यांकडे नवे मिळतात. बीएसएफ आणि सायकलचे आटे जुन्या इंग्लिश मोटारसायकली जोडणाऱ्यांकडे. त्या-त्या गाडीच्या क्लबांकडे असे नग निघतात की आपण थक्क होतो. आणि भंगारात निघालेली त्याच जातीची गाडी सापडली तर बोल्टसकट भाग घ्यावा, नुसता भाग घेऊ नये. मी दरवाजा घेते तेव्हा बिजागरीचे स्क्रूही मागते. माणूस हसतो आणि देतो.

सगळ्यात जीव खातात ते बोल्ट नव्हेतच, क्लिपा. दरवाजाच्या आतल्या पॅनलच्या, क्रोमच्या पट्ट्यांच्या. पट्टीच्या आतल्या खाचेचं माप एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की क्लिप एकतर बसत नाही, नाहीतर रस्त्यात पट्टी सोडते. एक पट्टी मी अशी घालवली आहे, आरशात उडताना पाहिली.

पानोपानी

जपानी जुन्या गाड्यांचं कुणीच बोललं नाही. लोकांना वाटतं मेट्रिक म्हणजे मेट्रिक. साठच्या दशकातल्या जपानी गाड्यांत जुन्या प्रमाणाचे स्क्रू निघतात, ५ मिमीला ०.९ चं अंतर. आजचा एम५ असतो ०.८ चा. तो तीन आटे जातो, मग अडतो, आपण 'गंज असेल' म्हणून दाबतो, आणि गेला.

स्क्रूच्या मुंडीचीही तीच गत. ती अधिक चिन्हाची खाच फिलिप्सची वाटते, पण जपानी प्रमाणाची असते. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात पुरता बसत नाही, वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर घ्या, अर्ध्या शिव्या वाचतील.

उलटेआटे

माझ्या आयडीची कथा सांगायची वेळ आली. क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असायचे. मला ठाऊक नव्हतं. पान्याला लांब नळी लावली, नळीवर उभा राहिलो, नट 'सैल' करत गेलो. तीन स्टड मोडले. चौथ्याच्या टोकावर एल कोरलेला दिसला.

हातोडी

आणि हे मला सल्ला मागे घ्यायला सांगतात.

खरादी

लेथवर हात काळे करणारा माणूस म्हणून थोडं.

बोल्ट बनवून घेता येतो, पण कुठला ते बघा. कारखान्यातला चांगला बोल्ट आटे लाटून बनवतात, धातूचे तंतू आट्यांच्या वळणाबरोबर वळतात. लेथवर किंवा डायने (दांडीवर फिरवून आटे कापायच्या चकतीने) आटे कापले की तंतूही कापले जातात, आणि झीज-थकव्याने तडा जायला तळाशी जागा मिळते. झाकणं, सम्प, ब्रॅकेट यांना कापलेले आटे बिनधास्त. कनेक्टिंग रॉडचे, सिलिंडर हेडचे, स्टिअरिंगचे माझ्याकडे कुणी मागितले तर मी नाही म्हणतो. ते नामांकित बनवणाऱ्याकडूनच घ्यावेत.

दुसरं, मुलामा. जुन्या बोल्टवरचा मऊ राखाडी झळाळीचा थर बहुतेकदा कॅडमियमचा असतो. दिसायला देखणा, पण विषारी. त्याला गॅसची ज्योत लावू नका, वायरब्रशने त्याची धूळ उडवू नका. हल्ली त्याच्या जागी झिंक करतात.

झिंकला देताना मुंडीवर काय कोरलंय ते वाचा. ८.८ असेल तर फारशी भीती नाही. १०.९ आणि विशेषतः १२.९ असेल तर ॲसिडच्या धुण्यात आणि मुलाम्याच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. मुलाम्यानंतर काही तासांच्या आत दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत कित्येक तास ठेवावं लागतं. हे न करणारे खूप. माझ्याकडे एकाने असे सस्पेन्शनचे बोल्ट आणले होते. संध्याकाळी टॉर्क पान्याने कसले, सकाळी दोन मुंड्या जमिनीवर पडलेल्या. गाडी जागची हललीही नव्हती.

जंगबहाद्दर

हे वाचून मात्र अंगावर काटा आला. मी पुढचे सस्पेन्शनचे बोल्टही स्टेनलेस केलेत हो. या रविवारी जुने परत घालतो. कोरलेला आकडा वाचायचा कसा, तेही सांगा.

खरादी

८.८ मध्ये पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटतो, दुसरा ८ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांवर कायमचा लांबतो. अमेरिकन इंची बोल्टवर आकडा नसतो, रेघा असतात : तीन रेघा ग्रेड ५, सहा रेघा ग्रेड ८. रेघा मोजून त्यात दोन मिळवायचे. आणि काहीच कोरलेलं नसेल तर त्याला साधा समजून चालायचं.

हौसेलामोलनाही

दोन दिवस नव्हतो, तेवढ्यात धागा केवढा झाला! सगळ्यांचे आभार, हातोडींचेसुद्धा.

आटापिटा, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. शाबूत बोल्ट रॉकेलने धुतला, भिंग घेऊन बसलो. दहा अंतरांना १० मिमी. बीएसएफचे इंचाला २२, म्हणजे दहा अंतरांना साडेअकरा यायला हवे होते. साधा एम८ धरला तर साडेबारा. दोन्ही नाही. आता काय?

उलटेआटे

सायकलचे आटे! ५/१६ जाडी, इंचाला २६ आटे. जुन्या इंग्लिश सायकली आणि मोटारसायकलींत सर्रास. २५.४ भागिले २६ म्हणजे ०.९७७. दहा अंतरांना ९.७७, व्हर्नियरने १० वाटू शकतं. जाडीही जुळते. हौसे, सुटलात.

दीडशहाणी

घाई नको. ०.२३ मिमीचा फरक आहे, डोळ्याची चूक तेवढी सहज होते. वीस अंतरं मोजा. सायकलचे असतील तर साडेएकोणीस येतील, नाहीतर वीस. बोल्ट अडीच सेंटिमीटरचा आहे, वीस अंतरं मावतील. आणि गाडीचं नाव?

हौसेलामोलनाही

वीस अंतरांना २०.० मिमी. तीन बोल्टांवर मोजलं, तिन्हींवर तेच.

गाडी एमजी टीडी, १९५१. इंजिन मूळचंच, १२५० सीसी.

आटापिटा

अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! आम्ही व्हिटवर्थच्या जन्मापासून सुरुवात केली.

तुमचा बोल्ट एम८ बाय १ आहे. मेट्रिक. मुंडी इंग्लिश, धड फ्रेंच.

पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी मशीनगन बनवायला इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आली. युद्ध संपल्यावर कारखाना रिकामा, म्हणून मॉरिस या इंग्लिश मोटारकंपनीसाठी इंजिनं बनवायला लागली. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं, टॅप, डाय, गेजा सगळं फ्रेंच मापाचं. ते बदलायचं म्हणजे प्रचंड खर्च. पण इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांकडे पाने व्हिटवर्थचे. मग तोड काय काढली, तर आटे मेट्रिक ठेवले आणि मुंड्या व्हिटवर्थच्या केल्या. मेकॅनिकला पत्ताच लागू नये. जुन्या फ्रेंच पद्धतीत ८ मिमीला १ मिमीचंच अंतर होतं, आजच्यासारखं सव्वा नव्हतं. एमजी त्याच मॉरिसच्या घरातली, म्हणून ती परंपरा तुमच्या एक्सपीएजी, म्हणजे या १२५० सीसी इंजिनापर्यंत चालत आली. एमजीवाले त्याला 'वेडं मेट्रिक' म्हणतात ते उगाच नाही.

म्हणजे तुमच्या गाडीत इंजिन वेड्या मेट्रिकचं, चासी बीएसएफची, विजेचं सामान बीएचं. चासीसाठी तुमचे ते चाळीस बोल्ट चुकीचे नाहीत, फक्त लांब आहेत.

आता मिळवायचं कसं. एम८ बाय १ हा बारीक आट्यांचा मेट्रिक बोल्ट आजही बनतो, पण मुंडी १३ ची येते. गाडी नुसती चालवायची असेल तर तो लावा आणि विसरा. मुंडीही मूळची हवी असेल तर टी-मालिकेच्या एमजींचं सामान ठेवणारे व्हिटवर्थ मुंडीचे करून ठेवतात, त्यांच्याकडे विचारा.

वाचनमात्र

'मुंडी इंग्लिश, धड फ्रेंच' हे धाग्याचं शीर्षक करा.

हातोडी

म्हणजे मी सांगितलेला टॅप फिरवला असता तर...

पानोपानी

फिरवला असता तर हा धागा 'हेलिकॉइल कुठे मिळतील' असा झाला असता.

खरादी

थांबा, थांबा. हौसे, ते अडीच इंची बोल्ट परत पाठवले नाहीत ना?

त्यांना मुंडीपासून टोकापर्यंत आटे आहेत, की मुंडीखाली कोरी दांडी आहे? गंजलेलीबिजागरींनी वर सांगितलेला फरक. त्या जाडीच्या अडीच इंची बोल्टला साधारण इंचभरच आटे असतात, उरलेली दीड इंच दांडी कोरी. त्या दांडीची जाडी किती? ५/१६ म्हणजे ७.९४. एम८ बाय १ च्या आट्यांना बाहेरचा व्यास ७.७९ पासून ७.९७ पर्यंत चालतो. आणि ५/१६ बीएसएफची मुंडी म्हणजे नेमकी १/४ व्हिटवर्थच्या पान्याची, तुम्हाला हवी तीच.

आटे असलेला तुकडा कापून फेका. मुंडीखाली २५ मिमी ठेवा. कोऱ्या दांडीवर एम८ बाय १ चा डाय चालवा. झाला मॉरिसचा बोल्ट.

टोकाला आधी कानशीने उतार द्या, नाहीतर डाय तिरका धरतो. लेथच्या टेलस्टॉकने डायला मागून सरळ टेकू मिळाला तर उत्तम. कापण्याचं तेल भरपूर, अर्धा फेरा पुढे, पाव मागे, घाई केली की आटे फाटतात. मुंडीजवळच्या शेवटच्या आट्यांना डाय पोचत नाही, कारण त्याची एक बाजू उताराची असते. तो काढून उलटा लावा आणि पुन्हा चालवा, आणखी दोन-तीन आटे मिळतील. उरलेली जागा वायसर आणि सम्पच्या कडेच्या जाडीत जाते. सम्पच्या कामाला कापलेले आटे पुरेसे आहेत.

दीडशहाणी

खरादी, दंडवत.

गंजलेलीबिजागरी

दांडी मोजा आधी. कधीकधी कोरी दांडी आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा बरीच बारीक असते, मग हा खेळ फसतो.

हौसेलामोलनाही

मोजली. ७.९२, कुठे ७.९३. कोरी दांडी ४१ मिमी.

पहिला बोल्ट काल केला. माझ्याकडे लेथ नाही, व्हाइसमध्ये धरून हाताने डाय चालवला. तिरका गेला, तो फुकट. दुसऱ्याला डायच्या मागे सपाट पट्टी टेकवून सरळ ठेवला, पहिले चार फेरे श्वास रोखून. चुरा बारीक वेटोळ्यांनी निघायला लागला तेव्हा कळलं की बरोबर चाललंय. मुंडीकडून डाय उलटा लावला, साफ केला, तेलाचं बोट फिरवलं आणि गाडीखाली जाऊन भोकाला लावला. दोन आटे. तिसरा. मी थांबलो, सवयीने. मग पुढे फिरवला. शेवटपर्यंत दोन बोटांनी गेला, आणि १/४ व्हिटवर्थच्या पान्याने पाव फेऱ्यात टेकला.

नऊ लागणार होते, नऊ झाले. एक फुकट गेला. तीस उरलेत.

जंगबहाद्दर

अभिनंदन! स्टेनलेसचा आग्रह निम्मा मागे घेतो. मडगार्डपुरता ठेवतो.

ढिलास्क्रू

तीस गुणिले अडीच. पंचाहत्तर इंच शिल्लक.